तिथं महाराष्ट्र, इथं तामिळनाडू

ये गं, अशी जवळ ये. लांब आहेस ते ठाऊक आहे मला, तरी सरक जरा इकडं. तो फोन खांद्यात दाबून चपात्या लाटत बोलतेस ना, ते आधी बंद कर. रोजचे तुझे दोनच प्रश्न. पोर अभ्यास करते का, आणि किती मार्क पडले. उत्तर मिळालं की ठेवलास फोन. लेकरू एवढ्या लांब ठेवलंस आणि त्याच्याबद्दल विचारायला एवढंच सापडलं होय गं तुला?

रागावू नकोस. ही 'तू' म्हणजे कुणी एकटी नाही. आमच्या विट्याच्या आसपासच्या गावांतनं गलाईच्या धंद्यापायी जी जी लेक, जी जी सून परमुलखात गेली, ती प्रत्येक 'तू'. गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. सोनारांच्या पेठेत बोळाच्या टोकाला एक खोली, खोलीत भट्टी, आणि भट्टीच्या मागं संसार. इकडं पाऊस कायमचा रुसलेला, म्हणून आमची माणसं पंजाबात गेली, बंगालात गेली, खाली केरळात गेली. आणि मागं गावात बंगले उभे राहिले, रंगीत फरशीचे, गच्चीवर सिमेंटचा गरुड बसवलेले. वर्षातले बहुतेक दिवस त्यांना कुलूप. यात्रेला आमच्या आळीत पाय ठेवायला जागा नसते, आणि यात्रा पांगली की मांजरसुद्धा विचार करूनच फिरकतं.

परवा सकाळी अंगण झाडत होते. शाळू हुरड्याला आलाय, त्याचा कच्चा गोडसर वास. येरळा नदीकडनं वर चढलेलं धुकं. शेजारी कुणी तरी तीळ भाजत होतं, तव्यावर तडतड उडत होते. मी खराटा टेकवून तशीच उभी राहिले. मागचा पौष सगळाच्या सगळा माझ्यापुढं येऊन बसला, चहा सांगितल्यासारखा.

मागच्या पौषात मीनू बोलायची बंद होत चालली होती.

मीनू म्हणजे मीनाक्षी. माझ्या धाकट्या दिराचा मुलगा संभाजी, त्याची मुलगी. दीर-जाऊ राहिले नाहीत, मूल मला झालं नाही, तेव्हा संभाजीची आईही मीच आणि मीनूची आजीही मीच. संभाजीची भट्टी मदुराईच्या बाजूला एका गावात. मीनू तिथं जन्मली, पाचवीपर्यंत तिथल्याच शाळेत शिकली. मग संभाजीच्या मनानं घेतलं की पोरीला आपली भाषा यावी, आपली माणसं कळावीत. नाही तर आपल्यात असून परकी व्हायची. सुनंदा, त्याची बायको, तिला हे पटलं होतं की नव्हतं, मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. जून महिन्यात मीनूला माझ्याकडं आणून सोडली.

गाडीतनं उतरली, वाकून पाया पडली आणि म्हणाली, "आज्जे, लय येळ वाट बगीत बसलीस व्हय गं?"

मी बघतच राहिले. ही बोली मी माझ्या सासूच्या तोंडून ऐकलेली. संभाजी गाव सोडताना जी भाषा खिशात घालून गेला, तीच त्यानं जशीच्या तशी लेकीला दिली होती. इकडं गावानं दरम्यान टीव्ही बघितला, शाळा वाढल्या, पोरं कराडला इंजिनिअरिंगला जायला लागली. आणि तिकडं दूर, भट्टीमागच्या खोलीत, आमच्या गावची जुनी बोली कुणी तरी फडक्यात बांधून ठेवावी तशी राहिली होती. मला एवढी गंमत वाटली. म्हटलं, ही पोर तर आमच्यापेक्षा गावाची.

शाळेत मात्र ती गंमत राहिली नाही. आता तुला म्हणून सांगते, इथली पोरंही घरी 'हाय' आणि 'न्हाई'च म्हणतात. पण शाळेच्या फाटकाशी ते काढून ठेवतात आणि 'आहे, नाही' घालतात, बूट घातल्यासारखं. मीनूला हे दोन जोड असतात ते ठाऊकच नव्हतं. ती वर्गात उभी राहून म्हणाली, "बाई, माजं पुस्तक घरी ऱ्हायलं," आणि वर्ग हसला. त्यात तिचे उच्चार तिकडचे, शब्द जिभेवर घोळवून खाली सोडायची सवय. म्हणजे एकाच वेळी ती अडाणीही ठरली आणि मद्राशीही. नाव पडलं इडली.

मी तिच्या बाईंना भेटून आले. बाई काही वाईट नव्हत्या. आष्ट्याच्या, नव्यानं बदलून आलेल्या, मुलांवर जीव असलेल्या. म्हणाल्या, आजी, मुलं चार दिवस चिडवतात, मग आपोआप सगळं मिसळून जातं. मिसळून जातं म्हणजे काय होतं, ते मी त्यांना विचारलं नाही. घरी येईपर्यंत मात्र तोच विचार करत होते. साखर दुधात मिसळते तेव्हा दुधाला काय वाटतं ते नंतर बघू, साखर जाते कुठं?

मीनू मिसळायला लागली. रोज एकेक गोष्ट घरी ठेवून शाळेत जायला लागली. आधी डब्यातला दहीभात गेला. तिला तो कढीपत्ता-मोहरीची फोडणी घातलेला लागायचा, मी शिकून घेतला होता. म्हणाली, चपाती-भाजीच दे, सगळ्यांसारखी. मग कपाळावरची विभूतीची रेघ गेली. तिकडची एक मैत्रीण रविवारी फोन करायची, दोघींचं तमिळमध्ये असं काही चालायचं की पत्र्यावर गारा पडाव्यात. तो फोन आला की आता ही म्हणायची, सांग मी झोपले. दिवाळीनंतर माझ्याशीसुद्धा 'आहे, नाही' बोलायला लागली. संभाजी फोनवर खूश. म्हणाला, मोठी आई, पोर सुधारली. मी हं म्हटलं.

मला या पोरीचं भारी कुतूहल. मी चोरून बघायची. दोरीवरच्या उड्या मोजताना तमिळमध्ये मोजते. पाढे इंग्रजीत म्हणते. देवापुढं शुभंकरोती मराठीत. ठेच लागली की 'अम्मा', आणि नंतर बसून रडायला लागली की 'आये'. झोपेत बोलते तेव्हा कुठली भाषा असते मला कळायचं नाही, कारण झोपेत तर सगळीच माणसं परमुलखातली. एकदा तिला विचारलं, मीनू, तुझ्या मनात जे चालतं ते कुठल्या बोलीत गं? म्हणाली, मनात बोलत नाही मी, मनात नुसतं दिसतं.

काय उत्तर आहे बघ. मी अजून त्याच्यावर विचार करते.

मीही कुठली इथली? माझं माहेर कोरेगाव. काळी जमीन, पाटाचं पाणी, घेवड्याचं गाव आमचं. लग्न होऊन या कोरड्या भागात आले तर ताटात बाजरी आणि हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं. माझ्या 'आमच्यात असं नसतं'ला सासूबाई एवढ्या कंटाळल्या की एक दिवस म्हणाल्या, आता ह्येच आमच्यात. मी माहेरनं आणलेला घेवडा भिजत घालायची आणि दोन्ही वेळा तोच खायची, एकटी, चुलीपाशी बसून. पुढं कधी तरी मला माडगं आवडायला लागलं. कधीपासून, ते आठवत नाही. पण मला कुणी घेवडा लपवायला लावला नव्हता हो. चेष्टा केली, नावं ठेवली, पण भिजत घालू दिला. बायकांचं हे असंच, प्रत्येक घरातली बाई दुसऱ्या गावची, तरी तिला परकी म्हणायची रीत नाही. मग एका लेकराला का म्हणतात?

तर पौष लागला. शाळेत सव्वीस जानेवारीची तयारी सुरू झाली. कार्यक्रम असा की प्रत्येक मुलीनं एकेक राज्य व्हायचं. त्या त्या राज्याचा पोशाख घालायचा, पुढं येऊन नमस्कार करून नाव सांगायचं, आणि शेवटी सगळ्यांनी हात धरून उभं राहायचं. बाईंनी मीनूला मोठ्या कौतुकानं तामिळनाडू केलं. तिच्याकडं खरा पोशाख असणार, भाषाही येते, आणखी काय पाहिजे. चिडवणाऱ्या पोरांना तिचं महत्त्व कळावं असंही बाईंच्या मनात असावं.

मीनू घरी आली ती दप्तर न काढताच पायरीवर बसली. मी शेंगा फोडत होते. तिनं एक शेंग उचलली, फोडली नाही, हातातच धरून बसली. मग म्हणाली,

"आज्जी, तिथं दरवर्षी मला महाराष्ट्र करायचे. पंधरा ऑगस्टला नऊवारी, नथ, चंद्रकोर. इथं आले तर तामिळनाडू केलं. मी कधीच जिथं असते तिथली नसते का?"

मला हसू आलं आणि हसता येईना. तिला त्या झेंड्याच्या कार्यक्रमात काय व्हायचं होतं ठाऊक आहे? लेझीम. मुलींचं लेझीमपथक होतं, सगळ्यांना एकसारखा पांढरा सदरा, डोक्याला भगवा फेटा, एका चालीत पुढं, एका चालीत मागं. त्यात कोण कुठली ते कुणाला दिसत नाही. बाईंना तसं सांगूया का म्हटलं, तर नको म्हणाली. तू बोललीस की मी आणखी वेगळी होते.

त्या रात्री जेवताना तिनं दुसरीच गोष्ट काढली. मार्च संपला की मी परत जाते, म्हणाली. मी म्हटलं, जा की. तिकडं बरं वाटेल. तर म्हणाली, तिकडं तरी काय, तिकडं मी सेटची मुलगी, बाहेरनं आलेल्यांची. आणि भाकरीचा तुकडा आमटीत तसाच बुडवून ठेवून उठली. आता सांग मला, तुझ्या त्या दोन प्रश्नांत हे कुठं बसतं? जायचं तर कुठं आणि राहायचं तर कोण होऊन, हे त्या अकरा-बारा वर्षांच्या पोरीपुढं होतं. परीक्षेत हा प्रश्न येत नाही.

संक्रांत आली. आमच्याकडं संक्रांतीला सुगडं लागतात, मातीची छोटी मडकी, त्यात उसाचे करवे, बोरं, गाजर, हरभऱ्याचे घाटे घालून बायका एकमेकींना देतात. कुंभाराच्या दारात मी सुगडं निवडत होते, तर मीनूनं एक जरा मोठं मडकं उचललं. विचारलं, हे घेऊया? उद्या सकाळी मी अंगणात दूध तापवीन. कशाला, ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. येता येता कुणाच्या तरी रानातनं हळदीचा एक गड्डा पानांसकट मागून घेतला. आमच्या सांगली जिल्ह्यात हळदीला काय तोटा. ती त्या हिरव्या पानांकडं अशी बघत होती जसं काही कुणी नात्यातलं भेटलं. तिकडं हे रोप बाजारात विकत आणावं लागतं, म्हणाली. किती तरी दिवसांनी ती तिकडचं काही तरी आपणहून बोलली.

सकाळी मी उठले तर अंगणात तीन विटांची चूल मांडलेली. पुढं ठिपक्यांची रांगोळी, तांदळाच्या पिठाची, एकही रेघ न तोडता काढलेली. मडक्याच्या गळ्याला हळदीचा गड्डा पानांसकट बांधलेला. शेजारी उसाचं एक वाढं उभं केलेलं. वाटीत धुतलेले तांदूळ, मुगाची डाळ, गूळ. मीनू न्हाऊन, ओले केस पाठीवर सोडून, उगवतीला तोंड करून बसली होती. मडक्यात दूध. ती त्या दुधाकडं बघत होती आणि ओठ पुटपुटत होते. तिकडं मदुराईकडं त्यांच्या घरमालकाची म्हातारी आई, तिला ती 'पाटी' म्हणते, पाटी म्हणजे आजीच, तिच्याजवळ बसून मीनूनं दरवर्षी हे केलेलं. दूध फुगून मडक्याच्या काठावरनं उतू जायला लागलं की सगळ्या घरानं एका आवाजात पोंगल म्हणायचं. मगच त्यात तांदूळ घालायचे. उतू गेलं म्हणजे वर्ष भरभरून येणार. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त दारात उभी राहून बघत होते, की एवढ्या महिन्यांत या पोरीचा चेहरा असा सैल कधी झालेला नाही.

आणि तेवढ्यात फाटक वाजलं. प्राजू आली, तिच्या वर्गातली, दोन आळ्या सोडून राहणारी. मीनूचा सगळा जीव या प्राजूत. ही बोलली की वर्ग बोलायचा, ही हसली की हसायचा. तिळगूळ द्यायला ती आपणहून पहिल्यांदाच आमच्या घरी आली होती, नव्या काळ्या ड्रेसात, हातात स्टीलचा डबा. आत शिरली आणि बघते तर चुलीवर दूध काठाला आलेलं, आणि मीनू समोर हात जोडून बसलेली.

आपल्यातली कुठलीही मुलगी जे करील तेच तिनं केलं. डबा खाली टाकला, धावली, ओढणीच्या पदरानं मडकं धरलं आणि चुलीवरनं उचलून बाजूला ठेवलं. तिळगुळाचे लाडू अंगणभर. चुलीवर दोन थेंब पडले तेवढे चुरचुरले.

"ध्यान कुठं हाय गं तुझं? सगळं दूध चाललं हुतं की," प्राजू धापा टाकत म्हणाली.

चूक म्हणावी तर काय म्हणावी? आपल्या घरात दूध उतू गेलं की काय बोलणी बसतात. लहानपणापासून आपण दुधापुढं राखणीला बसलेल्या पोरी. तिनं जीव लावून वाचवलं होतं. मी सांगणार होते की अगं, ते तसं नव्हे. पण मीनूनं माझ्याकडं बघितलं. नको, असं बघितलं. मग प्राजूकडं वळून हसली.

"विसरलेच बघ. बरं झालं तू आलीस."

दोघींनी मिळून लाडू गोळा केले, फुंकून डब्यात भरले, एकमेकींना दिले. प्राजू गेल्यावर मीनूनं त्या दुधाचा चहा केला. गळ्याची हळद सोडून ठेवली. रांगोळी तिनं पुसली नाही, पण दिवसभर तिच्यावर पाय देऊनच ये-जा करत राहिली.

मला त्या 'विसरलेच'चं फार लागलं. चिडवणं वरच्यावर जातं, पोरं विसरतात. पण आपण जे करत होतो ते करतच नव्हतो, असं सांगायला ही पोर शिकली. धांदरट ठरायला तयार झाली, वेगळी ठरायला नाही. त्या दिवसापासून मला एकच धास्ती. ही एक दिवस इतकी छान मिसळून जाईल की तिला स्वतःलाच सापडायची नाही.

सव्वीस जानेवारीला मी शाळेत गेले. सुनंदानं पार्सलनं पाठवलेला जरीकाठी परकर-पोलका घालून मीनू उभी होती, केसात अबोली. पुढं आली, वणक्कम म्हणाली, मी तामिळनाडू म्हणाली. मागनं कुणी तरी बारीक आवाजात 'इडली' म्हटलं. तिनं ऐकलं. जागेवर जाऊन उभी राहिली. चेहरा असा, जसा एसटीची वाट बघताना असतो. मग प्राजू महाराष्ट्र होऊन आली. आजीचं खरं लुगडं, कासोटा असा कसलेला, निऱ्या अशा एका रेषेत, आणि चाल अशी की सगळ्या बायका वळून वळून बघायला लागल्या. मी मनात म्हटलं, हिच्या आईला एवढं चांगलं नेसवता येतं होय.

मग रथसप्तमी. संक्रांतीला सुरू झालेलं हळदीकुंकू या दिवशी संपतं. मी दरवर्षीप्रमाणं सकाळी तुळशीपुढं सूर्याचा रथ काढला, सात घोडे काढताना मला नेहमीच एखाद्याचे पाय कमी पडतात. दोन शेण्या पेटवल्या, त्याच्यावर संक्रांतीच्या सुगडातलंच एक बोळकं ठेवलं, आणि बोळक्यात दूध. ही आपली रीत तुला ठाऊक आहे. या दिवशी दूध उतू घालवायचं. ज्या दिशेला सांडेल तिकडं बघून हात जोडायचे.

प्राजू आईबरोबर वाण घ्यायला आली होती. आल्या आल्या तिची आई मला म्हणाली, काकू, तुमच्या नातीचं उपकार झालं. त्या दिवशी स्टेजच्या मागं हिचं लुगडं सुटलं, मी नुसत्या पिना लावून धाडली होती, ही रडायला लागली, बाईंनाही नेसवता येईना. मीनूनं सगळ्या पिना काढून टाकल्या आणि पहिल्यापासून नेसवलं. मी मीनूकडं बघितलं. घरी एका अक्षरानं बोलली नव्हती.

"हिला विचारलं कुठं शिकलीस," प्राजू म्हणाली, "तर म्हणती, मी तिकडं दरवर्षी महाराष्ट्रच असायची. आता महाराष्ट्र मी हुते का तू हुतीस, सांग बघू?"

सगळ्या हसलो. मीनूही हसली, पण जपून. आणि तेवढ्यात दूध वर आलं.

मी बघत होते ते दुधाकडं नव्हे. प्राजू चुलीच्या अगदी जवळ उभी. दूध काठाला आलं, फुगलं, साय फाटली, आणि प्राजूनं हात जोडले. शांत उभी राहिली. दूध बोळक्यावरनं ओघळलं, शेणीवर चर्र झालं, तो जळक्या दुधाचा वास अंगणभर पसरला. मीनू एकदा दुधाकडं बघत होती, एकदा प्राजूच्या जोडलेल्या हातांकडं.

"आज न्हाई उचललंस?" तिनं विचारलं.

"आज उतू जायाचंच असतंय," प्राजू म्हणाली. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही.

मला वाटलं, गेलं. आता ही पुन्हा हसेल आणि विसरले म्हणेल. मी वाणाची ताटली हातात धरून उभी.

"प्राजे," ती म्हणाली, "माजंबी त्या दिशी उतू जायाचंच हुतं."

प्राजूला आधी कळेना. मग कळलं. तिनं मीनूकडं बघितलं, चुलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तिच्या आईनंही काही तरी विचारायला तोंड उघडलं, मी तिच्या हातावर हात ठेवला.

"मग सांगायचं न्हाई व्हय?" प्राजू म्हणाली. चिडली होती ती, खरी चिडली होती. "बोटं भाजली की माझी. आणि आईला फुशारकीनं सांगितलं, मीनूचं दूध वाचवलं म्हणून." आणि मग जरा थांबून, "मोडलं का गं मग सगळं? आता काय करायचं असतंय त्याला?"

त्या विचारण्यात काय होतं ते मला सांगता येणार नाही. दया नव्हती. कौतुकही नव्हतं. एखाद्या मैत्रिणीची लिहायची पाटी आपल्या धक्क्यानं फुटली तर जसं विचारतो, तसं होतं. मीनू तिला सांगत बसली. पाटी कोण, मडक्याला हळद का, तांदूळ कधी घालायचे, पोंगल म्हणून ओरडायचं म्हणजे किती मोठ्यानं. प्राजू मधे मधे शंका काढत होती. उगवतीलाच का उतू गेलं पाहिजे, आणि मावळतीला गेलं तर काय. मीनू म्हणाली, तर पुढचं वर्ष वाट बघायची. दोघी पायरीवर बसून त्या घोटभर उरलेल्या दुधात पोहे घालून खात होत्या. घोड्यांचे पाय पुसले गेले रांगोळीतले, तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

मी आपली विचार करत राहिले. ही रीत आपल्याकडनं तिकडं गेली की तिकडनं इकडं आली? की सूर्य दोन्हीकडं सारखाच कलतो, म्हणून दोन्हीकडच्या बायकांना एकच सुचलं? एकीनं तांदळाबरोबर, एकीनं नुसतंच, कुणी संक्रांतीला, कुणी जरा थांबून सप्तमीला. एरवी थेंबथेंब राखणाऱ्या बायकांनी वर्षात एक दिवस हात मागं घ्यायचा ठरवलं, हे कुणाच्या मनात प्रथम आलं असेल? माझं शिक्षण थोडं, मला ठाऊक नाही. शिकलेल्या कुणाला ठाऊक असेल तर त्यांनी मला येऊन सांगावं. पण मला असंही वाटतं, की ते कळलं नाही तरी चालेल.

सगळं गोड झालं असं समजू नकोस. 'इडली' अजून अधनंमधनं ऐकू येतं. आता मात्र प्राजूच तिला तसं म्हणते, आणि मीनू तिला 'लुगडं' म्हणते. मार्च आला आणि गेला, मीनू गेली नाही. राहणारच आहे असंही म्हणाली नाही. सातवीत आहे. वर्गात 'आहे' म्हणते, घरात 'हाय' म्हणते, रविवारी मैत्रिणीचा फोन आला की गच्चीवर जाऊन गारा पाडते. कुठली होणार ते तिचं तिला ठरवू दे, किंवा न ठरवता राहू दे. मीसुद्धा अजून पुरतं ठरवलेलं नाही, कोरेगावची का इथली. घेवडाही करते, माडगंही करते.

पण एक गोष्ट तिनं यंदा ठरवून टाकली आहे, आणि त्यासाठीच तुला एवढी जवळ बोलावली. या घरात यंदा दूध दोनदा उतू जाणार. एकदा संक्रांतीला, एकदा रथसप्तमीला. प्राजूनं वर्गभर सांगून ठेवलंय, निम्मा वर्ग संक्रांतीला सकाळी माझ्या अंगणात येणार आहे. मीनू घाबरलीय. हळदीची गाठ कशी मारायची, तांदूळ किती, ते सगळं तिनं बघितलंय, पण बघणं वेगळं आणि पंधरा पोरींपुढं करणं वेगळं. मला काही येत नाही. काल झोपताना म्हणाली, आज्जी, आईला येतंय गं सगळं, पाटीनं तिला शिकवलंय.

तेव्हा सुनंदे, आता नाव घेऊनच सांगते. आणि तुझ्यासारख्या ज्या ज्या असतील त्यांनीही ऐका. भट्टी चार दिवस थंड राहिली म्हणून सोनं काळं पडत नाही. संभाजीला म्हणावं, डबे घेऊन खा म्हणावं हॉटेलातनं. तिकीट मिळालं तर बरं, नाही मिळालं तर उभ्यानं ये. मार्क विचारू नकोस आल्या आल्या. नुसती अंगणात तिच्याशेजारी बस, उगवतीला तोंड करून. ये गं, भोगीच्या आदल्या दिवशीच ये. मी बाजरीला तीळ लावून भाकऱ्या थापून ठेवते.